आयर्लंडच्या ग्रामीण भागात सरकारी योजनेतून फायबर जोडणी कशी मिळवावी : नवागतांसाठी मार्गदर्शन

नोकरीनिमित्त आयर्लंडला येणारी मराठी कुटुंबे आता केवळ डब्लिनमध्ये राहत नाहीत. मेयो, रॉसकॉमन, कॅव्हन, केरी अशा परगण्यांतील रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत काम करणारे लोक आहेत, आणि घरून काम करण्याची मुभा असल्याने स्वस्त भाड्याच्या शोधात गावाकडे गेलेले संगणक क्षेत्रातील लोकही आहेत. घर ऐसपैस मिळते, परिसर सुंदर असतो, आणि मग लक्षात येते की तांब्याच्या जुन्या तारेवर येणाऱ्या इंटरनेटवर साधा व्हिडिओ कॉलही टिकत नाही. अशा वेळी हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘सरकारी अनुदान मिळते असे ऐकले आहे, त्याचा अर्ज कोठे करायचा?’

असा अर्ज नसतो. ही गोष्ट सुरुवातीलाच समजली तर पुष्कळ फेऱ्या वाचतात. आयर्लंडमधील अनुदान घरमालकाला किंवा भाडेकरूला मिळत नाही. ते जाळे उभारणाऱ्या कंपनीला मिळते. आपल्याकडच्या नळयोजनेसारखेच हे आहे : मुख्य जलवाहिनी सरकारी पैशांतून गावात येते, पण ती वाहिनी आपल्या अंगणातून घरात आणताना आपल्यालाही हात लावावा लागतो. माझ्या अनुभवात आणि ओळखीच्यांच्या अनुभवातही जोडण्या रखडल्या त्या बहुतेक या शेवटच्या टप्प्यात. म्हणून या लेखात त्या टप्प्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

योजना थोडक्यात

युरोपीय संघाच्या नियमांनुसार सदस्य देशाच्या सरकारला एखाद्या कंपनीला सहज पैसे देता येत नाहीत, कारण त्यामुळे बाजारातील स्पर्धा बिघडते. जेथे कोणत्याही खासगी कंपनीचे वेगवान जाळे नाही आणि नजीकच्या काळात उभारण्याचा ठोस बेतही नाही, अशा भागात मात्र सरकारी मदतीला परवानगी मिळू शकते, आणि तीही जाळे सर्व सेवादात्यांना समान अटींवर खुले ठेवण्याच्या बोलीवर. आयर्लंडने अशी सर्व ठिकाणे शोधून त्यांची यादी केली. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०१९ मध्ये २.६ अब्ज युरोंच्या मदतीला मान्यता दिली आणि १९ नोव्हेंबर २०१९ रोजी सरकारने नॅशनल ब्रॉडबँड आयर्लंड या कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. सुमारे ५ लाख ६० हजार घरे, शेतघरे, दुकाने व शाळा या योजनेत येतात. देशाची जेमतेम २३ टक्के लोकसंख्या या क्षेत्रात राहते, पण हे क्षेत्र देशाच्या ९६ टक्के भूभागावर पसरलेले आहे. खासगी कंपन्या येथे का आल्या नाहीत, हे या दोन आकड्यांवरूनच कळते.

करार झाला तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे. सरकारी खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी या कराराविरुद्ध लेखी सल्ला दिला होता, आणि एवढा पैसा खर्चून उभे राहिलेले जाळे शेवटी खासगी मालकीचे राहणार, या मुद्द्यावर आयर्लंडमध्ये मोठा वाद झाला. तो आक्षेप मला अजूनही रास्त वाटतो. तरीही डोंगराच्या कुशीतील एकट्या घराला बाजाराच्या हिशेबाने कधीच फायबर मिळाली नसती, हेही तितकेच खरे आहे.

१. आयरकोड मिळवा, आणि तो घर घेण्याआधी मिळवा

आयरकोड म्हणजे आयर्लंडमधील प्रत्येक पत्त्याला २०१५ पासून दिलेला सात अक्षर-अंकांचा संकेतांक. आपल्या पिनकोडप्रमाणे तो सबंध परिसराचा नसून एकेका पत्त्याचा असतो; शेजारच्या घराचा आयरकोड वेगळा, आणि म्हणून शेजारच्या घराची पात्रताही वेगळी असू शकते. ‘शेजाऱ्याकडे फायबर आहे’ हे ऐकून भाडेकरार करू नये.

भाड्याच्या जाहिरातीत आयरकोड नसेल तर दलालाला विचारा आणि पुढील दोन पायऱ्या करार करण्यापूर्वीच पार पाडा. दोन परिस्थितींत विशेष सावध राहावे लागते. पहिली, घरामागील गोठ्याचे किंवा गॅरेजचे रूपांतर करून भाड्याने दिलेले छोटे घर. अशा घराला पुष्कळदा स्वतःचा आयरकोड नसतो, आणि तो नसेल तर स्वतंत्र जोडणी मागणे अवघड होते. मग मुख्य घराच्या वायफायवरच भागवावे लागते. दुसरी, नव्याने बांधलेले घर. नव्या पत्त्याची नोंद आधी टपालसेवा असलेल्या अन पोस्टकडे व्हावी लागते, त्यानंतर आयरकोड मिळतो, आणि तो सेवा कंपन्यांच्या यादीत दिसू लागण्यास आणखी वेळ लागतो.

२. नकाशावर आपल्या घराचा रंग पाहा

सरकारच्या संकेतस्थळावर वेगवान ब्रॉडबँडचा नकाशा आहे. त्यात आयरकोड टाकला की घर कोणत्या रंगाच्या क्षेत्रात आहे ते दिसते. अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी, रंग असेल तर घर सरकारी योजनेत आहे. निळा रंग असेल तर खासगी कंपनीने तेथे सेवा दिली आहे किंवा देण्याची तयारी दाखवली आहे, असे सरकार धरून चालते. त्यामुळे त्या घरासाठी या योजनेतून खर्च होत नाही.

निळ्या रंगाने अनेकांची फसगत होते. योजनेची आखणी झाली तेव्हा सेकंदाला ३० मेगाबिट ही वेगवान सेवेची किमान मर्यादा धरली होती, त्यामुळे निळा रंग म्हणजे फायबर असा अर्थ होत नाही. तुमचे घर निळ्या क्षेत्रात आहे आणि प्रत्यक्षात एकही कंपनी सेवा देण्यास तयार नाही, असे आढळले तर दोन-तीन कंपन्यांकडून तसे लेखी उत्तर घ्या. तोंडी नकार कोठेच चालत नाही. ती उत्तरे जोडून दळणवळण खात्याच्या ब्रॉडबँड विभागाकडे पत्त्याची फेरतपासणी मागता येते. याला वेळ लागतो, परंतु वर्गीकरण चुकले असेल तर ते दुरुस्त करून घेण्याचा मार्ग हाच आहे.

सीमेलगत, म्हणजे डनिगॉल, कॅव्हन किंवा मॉनहनच्या कडेला घर शोधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. सीमा ओलांडली की उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंगडम, सुरू होते. तेथे आयरकोड नसतो, बीटी या अक्षरांनी सुरू होणारा पोस्टकोड असतो, आणि ग्रामीण भागासाठी प्रोजेक्ट स्ट्रॅटम नावाची वेगळी सरकारी योजना राबवली गेली. या लेखातील पायऱ्या तेथे लागू होत नाहीत.

३. काम कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून नाव नोंदवा

घर अंबर क्षेत्रात असल्याचे कळले की नॅशनल ब्रॉडबँड आयर्लंडच्या संकेतस्थळावर तोच आयरकोड टाका. पाहणी, आराखडा, प्रत्यक्ष बांधकाम आणि मागणी नोंदवता येण्याची अवस्था, यांपैकी काय चालू आहे ते तेथे दिसते. ई-मेल देऊन ठेवल्यास टप्पा बदलल्यावर कळवले जाते. ही नोंदणी म्हणजे सेवेची मागणी नव्हे आणि तिच्यामुळे रांगेत पुढचा क्रमांकही मिळत नाही; ती फक्त सूचना मिळवण्यासाठी आहे. अंदाजे म्हणून दिलेल्या महिन्यांवर विसंबून जुनी सेवा बंद करू नका.

ही कंपनी घाऊक स्वरूपात काम करते, ग्राहकाला थेट सेवा विकत नाही. म्हणून ‘फायबरचा क्रमांक पक्का करण्यासाठी आगाऊ रक्कम भरा’ असा फोन तिच्या नावाने आला, तर तो फसवणुकीचा समजावा.

४. तोपर्यंतची सोय

स्थिर वायरलेस सेवा (मनोऱ्यावरून घरावरच्या अँटेनाला मिळणारी), मोबाइलचा ४जी किंवा ५जी राउटर आणि उपग्रह सेवा, असे तीन पर्याय असतात. मोबाइल सिग्नल गावागणिक नव्हे, तर खोलीगणिक बदलतो. म्हणून आधी मित्राचे वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम घरात वापरून पाहावे. जो पर्याय घ्याल तो शक्यतो महिन्याच्या बोलीवर घ्या. दीड-दोन वर्षांच्या करारात अडकल्यावर दारात फायबर आली, तर एक तर दोन्ही बिले भरावी लागतात किंवा करार मोडल्याचा दंड सोसावा लागतो.

याच राष्ट्रीय योजनेत गावोगावच्या सभागृहांत, क्रीडामंडळांत व शाळांत ब्रॉडबँड कनेक्शन पॉइंट उभारले आहेत. शिवाय कनेक्टेड हब्स या जाळ्यात देशभरातील सामायिक कार्यालये आहेत, जेथे दिवसापुरते टेबल घेता येते. मुलाखत किंवा परीक्षा असेल त्या दिवशी घरच्या इंटरनेटचा भरवसा धरण्यापेक्षा हे बरे.

५. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट मोकळी करा

फायबरची तार गावच्या रस्त्याने खांबांवरून किंवा जमिनीखालच्या नळीतून येते. बऱ्याच ठिकाणी ओपन एर या कंपनीचेच जुने खांब व नळ्या भाड्याने वापरल्या जातात. त्या रस्त्यापासून तुमच्या भिंतीपर्यंत तार ओढण्याचे काम मागणी नोंदवल्यानंतर होते, आणि ग्रामीण आयर्लंडमध्ये हे अंतर मोठे असते. घर रस्त्यापासून शेदोनशे मीटर आत, एका अरुंद बोळातून, दोन्ही बाजूंनी झाडांचे कुंपण, अशी रचना नेहमीची. तंत्रज्ञ येण्याआधी पुढील गोष्टी स्वतः पाहून घ्या.

पहिली गोष्ट, जुन्या फोनची तार कशी येते? खांबावरून येत असेल तर नवी तार बहुधा त्याच मार्गाने येईल. त्या मार्गात तुमच्या आवारातील फांद्या येत असतील तर त्या छाटण्याची जबाबदारी तुमची. येथे एक कायदेशीर अडचण आहे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंत, कुंपणाची झाडे व लागवडीबाहेरील झुडपे तोडण्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे. काही अपवाद आहेत, पण ‘मला इंटरनेट हवे होते’ हा त्यांत बसतो असे गृहीत धरू नका. उन्हाळ्यात जोडणी होण्याची शक्यता असेल तर फेब्रुवारी संपण्यापूर्वी छाटणी उरकावी.

दुसरी गोष्ट, तार जमिनीखालून येत असेल तर नळी मोकळी आहे का? आवारातील नळी चिखलाने किंवा मुळांनी बुजलेली असेल, अथवा कोणीतरी अंगण फरसबंद करताना चेपलेली असेल, तर खासगी जमिनीवरील दुरुस्ती घरमालकाने करायची असते. तंत्रज्ञ प्रयत्न करतात, तार पुढे सरकत नाही असे दिसले की नोंद करून निघून जातात, आणि दुरुस्तीनंतर भेटीची वेळ नव्याने घ्यावी लागते. नळीतून दोरी ओवून पाहण्याचे काम स्थानिक मजूर किंवा इलेक्ट्रिशियन करून देतो. दोरी आत तशीच राहू द्यावी. तंत्रज्ञाला ती उपयोगी पडते. नवीन घर बांधत असाल तर रस्त्यापासून भिंतीपर्यंत वेगळी नळी पायाभरणीच्या वेळीच टाकून घ्या.

तिसरी गोष्ट, वाट कोणाची? बोळ सामायिक असेल किंवा तार शेजाऱ्याच्या शेतावरून जाणार असेल तर त्याची संमती लागते. कंपनीचे लोक संमतिपत्र आणतात, पण अनोळखी माणसाने दारात येऊन सही मागितली की शेतकरी साशंक होतो, आणि तो साशंक होणे स्वाभाविकही आहे, कारण येथे जमिनीवरच्या वाटेच्या हक्कांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालतात. तुम्ही आधी जाऊन भेटा, तार कोठून जाईल हे दाखवा, चहा नाकारू नका. भाडेकरू असाल तर ही भेट घरमालकाने घेतलेली बरी.

चौथी गोष्ट, घरमालकाची परवानगी. भिंतीला भोक पाडणे व बाहेर पेटी बसवणे यासाठी भाडेकरूकडे लेखी परवानगी असली पाहिजे. ई-मेल चालतो. त्यात पत्ता, आयरकोड आणि ‘भिंतीतून तार आत घेण्यास व आवारातील खांब किंवा नळी वापरण्यास हरकत नाही’ एवढे स्पष्ट लिहून घ्या. जोडणी मालमत्तेला कायमची मिळते आणि घराची किंमत वाढवते, हे सांगितले की बहुतेक मालक आढेवेढे घेत नाहीत.

साधी जोडणी असेल तर रस्त्यापासून घरापर्यंतच्या कामाचा मोठा खर्च ग्राहकावर पडत नाही. फार लांबचे किंवा असाधारण काम निघाले तर मात्र वेगळी पाहणी होते व जादा खर्चाचा प्रश्न येऊ शकतो. असा आकडा कोणी सांगितला तर तो लेखी मागावा आणि वाट बदलून खर्च कमी होतो का, हे विचारावे.

जवळ ठेवायची कागदपत्रे व वस्तू

- आयरकोड आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा पत्ता
- ओळखपत्र आणि दरमहा बिल वळते करण्यासाठी बँक खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक
- भाडेकरूंसाठी घरमालकाची लेखी परवानगी
- जुना फोन क्रमांक ठेवायचा असल्यास त्याचे ताजे बिल, कारण खाते क्रमांक त्यावरच असतो
- जुन्या तारेच्या मार्गाची, खांबाची व भिंतीची छायाचित्रे
- राउटर ठेवायच्या जागेजवळ दोन मोकळे वीजसॉकेट

६. सेवा देणारी कंपनी निवडा

जाळे एकच असल्याने तार, तंत्रज्ञ आणि बिघाड दुरुस्त करणारे लोक बहुतांशी तेच राहतात, मग सेवा व्होडाफोनची घ्या, स्कायची घ्या, डिजिवेबची घ्या किंवा एअरवायरसारख्या छोट्या कंपनीची. फरक पडतो तो किंमत, राउटर, फोनसेवा आणि ग्राहकसेवा यांत. दूरसंचार नियामक कॉमरेगच्या संकेतस्थळावर दरांची तुलना करण्याची सोय आहे. जाहिरातीतील दर पुष्कळदा पहिल्या वर्षापुरता असतो, त्यामुळे एकूण कराराच्या मुदतीचा खर्च काढूनच तुलना करावी. दर एप्रिलमध्ये महागाईच्या दराने वाढणार असल्याची अट बारीक अक्षरांत आहे का, तेही पाहावे.

या जाळ्यावरील सर्वांत कमी वेगाची योजनाही सेकंदाला ५०० मेगाबिटची असते. चौघांच्या कुटुंबाला, दोघे घरून काम करत असले तरी, ती पुरून उरते. त्यावरचा पैसा मला अनाठायी वाटतो.

कराराची मुदत २४ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. घर वर्षभरासाठीच भाड्याने घेतले असेल तर १२ महिन्यांचा करार मागा आणि घर बदलल्यास जोडणी नव्या पत्त्यावर नेता येईल का, हे आधीच विचारा. फोनवर किंवा संकेतस्थळावरून केलेला करार १४ दिवसांत मागे घेण्याचा हक्क युरोपीय कायद्याने दिला आहे.

७. जोडणीचा दिवस

भेटीच्या वेळी घरात सज्ञान व्यक्ती असावी लागते. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला दारावरची थाप ऐकू आली नाही तर भेट वाया जाते. तंत्रज्ञ बाहेर एक पेटी बसवतो, आत फायबरचा सिग्नल रूपांतरित करणारे ओएनटी नावाचे यंत्र लावतो, आणि त्याला राउटर जोडला जातो. ओएनटी कोठे लावायचे हे त्याच्याशी तेव्हाच बोला. तार जेथे सोपी पडेल तेथे, म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात, यंत्र बसवण्याकडे कल असतो. जुन्या आयरिश घरांच्या जाड दगडी भिंती आणि नव्या घरांतील धातूचा पापुद्रा असलेले उष्णतारोधक पत्रे, दोन्ही वायफाय अडवतात. मग मागच्या खोलीत वेग मिळत नाही आणि दोष फायबरला दिला जातो. वेग मोजायचा तर लॅपटॉप तारेने राउटरला जोडून मोजावा.

८. जुना फोन, वृद्धांचा गजर आणि वीज

नवी सेवा सुरू होऊन जुना क्रमांक तिच्यावर वळता होईपर्यंत जुनी सेवा स्वतः बंद करू नका. आधी बंद केली तर क्रमांक हातचा जाऊ शकतो.

तांब्याच्या तारेवरील साधा फोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या विजेवर चालत असे. फायबरवरचा फोन ओएनटी व राउटरवर अवलंबून असतो; घरची वीज गेली की तो बंद. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात गॉलवेतील मेस हेड येथे ताशी १८० किलोमीटरहून अधिक वेगाचा झोत नोंदला गेला आणि साडेसात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काही ठिकाणी ती यायला कित्येक दिवस लागले. म्हणून छोटा यूपीएस घ्या, मोबाइल भारित ठेवा, आणि घरात वृद्ध व्यक्तीच्या गळ्यातील आपत्कालीन बटण किंवा चोरघंटी जुन्या फोनलाइनवर असेल तर त्या सेवेच्या कंपनीला फायबर घेण्यापूर्वी कळवा. काही जुनी यंत्रे नव्या लाइनवर चालतच नाहीत.

९. तक्रार कोणाकडे

तक्रार आधी ज्या कंपनीला बिल भरता तिच्याकडे करावी आणि तक्रारीचा संदर्भ क्रमांक घ्यावा. कामाचे दहा दिवस उलटूनही तोडगा निघाला नाही तर तो क्रमांक घेऊन कॉमरेगकडे जाता येते. जाळे उभारणीतील विलंबाबद्दल गावातील लोक स्थानिक खासदाराला, म्हणजे टीडीला, पत्र लिहितात. नागरिकत्व नसले तरी तुम्हीही लिहू शकता. टीडीने संसदेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरकारला लेखी द्यावे लागते, आणि पुष्कळदा खरी स्थिती त्या उत्तरातूनच कळते.

१०. करसवलत

घरून काम करणाऱ्या नोकरदाराला वीज, उष्णता व इंटरनेट यांवरील खर्चाच्या ३० टक्के रकमेवर, घरून काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात, आयकरात सवलत मागता येते. मालक कंपनीने भत्ता दिला असेल तर तो वजा होतो. रेव्हेन्यू या करखात्याच्या संकेतस्थळावर बिले चढवून हा दावा करता येतो आणि मागील चार वर्षांपर्यंतचा दावाही घेतला जातो. खर्च तुम्ही स्वतः केलेला असला पाहिजे. इंटरनेटचे पैसे भाड्यातच धरून घरमालक भरत असेल तर दावा करता येत नाही. घर वाटून राहणाऱ्यांनी बिल विभागून आपापल्या वाट्याचाच दावा करावा, आणि कोणी किती भरले याची नोंद ठेवावी.